ओटीतले चार दाणे

गेल्या महिन्यात आईनं अखेर सिस्टरना खरं सांगून टाकलं. इतकी वर्षं ती गोष्ट तिच्या पोटात होती, आणि माझ्याही. मी कितीदा म्हटलं असेल, "आई, सांगून टाक ना एकदाचं, कायले घोळून राहिली?" तर उत्तर ठरलेलं, "तू चूप बस. तुले काय समजते?" मी वलगावच्या शाळेत गणित शिकवते, मला स्वतःला एक लेकरू आहे, पण आईच्या लेखी मला अजून काही समजत नाही.

सिस्टर म्हणजे अमरावतीच्या आमच्या मुलींच्या शाळेतल्या गणिताच्या सिस्टर. मूळच्या केरळातल्या. पांढरा पायघोळ झगा, डोक्याला पांढरं कापड, बोटात साधी चांदीची अंगठी, आणि तोंडात बोर्डिंगच्या पोरींकडून उचललेली अस्सल वऱ्हाडी. नवे पालक शाळेत आले की त्यांना धक्काच बसायचा. सिस्टरशी इंग्रजीत दोन शब्द बोलावे म्हणून माणूस घसा साफ करायचा, आणि सिस्टर विचारायच्या, "काहून गा, पोट्टीले उठवत नाई का सकाळी? रोज उशिरा येऊन राहिली!" पुण्याहून बदली होऊन आलेल्या एका साहेबांना तर वाटलं की बाई भांडायलाच उठल्या. भांडत नव्हत्या हो. आमच्याकडे मायेनं बोललं तरी ते असंच ऐकू येतं.

आम्ही मोर्शीकडचे. संत्र्याची बाग, एकत्र घर. मी चौथीत असताना विहिरीवरच्या मोटरचा शॉक लागून बाबा गेले. त्यानंतर आईची जागा चुलीपाशी ठरली. सणावाराला बाया जमल्या, हळदीकुंकू निघालं, की ती उठून आत जायची. तिला कोणी "जा" म्हणायचं नाही. पण ती उठली की कोणी "बस" पण म्हणायचं नाही. मी लहान होते तरी मला त्या बायांचा असा संताप यायचा की काय सांगू. अजूनही येतो.

आईचं माहेर रिद्धपूरच्या बाजूचं. तिथं तिनं लहानपणापासून काळ्या वस्त्रांतल्या महानुभाव तपस्विनी बाया पाहिलेल्या, घरदार सोडून देवाच्या वाटेला लागलेल्या. म्हणून मामानं जेव्हा निरोप आणला की अमरावतीला सिस्टरांच्या बोर्डिंगमध्ये स्वयंपाकाला बाई पाहिजे, पोरीची शाळाही तिथंच होईल, तेव्हा बाकी घर नाक मुरडत होतं आणि आई म्हणाली, "आपल्याकडच्या काळं नेसतेत, त्या पांढरं घालतेत. अजून काय फरक हाय?" फरक पुष्कळ होता. पण त्या दिवशी तेवढ्यावर काम भागलं आणि आम्ही मायलेकी ट्रंक घेऊन अमरावतीला आलो.

बोर्डिंगच्या स्वयंपाकघरात आधीपासून एक मुसलमान बाई होती, वयानं आईपेक्षा बरीच मोठी, सगळे तिला खाला म्हणायचे. तिचं घर जवळच होतं. पहिल्याच दिवशी तिनं आईला सांगितलं, "देख बाई, रोटी तेरी, दाल मेरी. मेरे दाल में हाथ नई डालने का." आईनं मुकाट मान डोलावली आणि आठ दिवसांत डाळीत हात घातला. दोघींचं कडाक्याचं वाजलं. मग त्यांची जी गट्टी जमली ती खाला जाईपर्यंत टिकली.

स्वयंपाकघराला लागूनच बालवाडी होती. मधल्या सुट्टीत ती चिल्लीपिल्ली दारातून डोकावायची आणि आई हातातली पोळी तव्यावर टाकून त्यांच्याशी गप्पा मारत बसायची. एकदा बालवाडीच्या बाई आजारी पडल्या. सिस्टर पाहायला गेल्या तर आत चिमणीएवढाही आवाज नाही. आई मधोमध मांडी घालून बसलेली, हाताला कणीक, आणि पोरं तिच्याकडे तोंडं उघडी टाकून पाहताहेत. आई त्यांना बागेतल्या वानराची गोष्ट सांगत होती, जो संत्री सोलून नुसत्या साली खातो आणि फोडी फेकून देतो.

सिस्टर दारात उभ्या राहून सगळी गोष्ट ऐकून आल्या. संध्याकाळी स्वयंपाकघरात येऊन त्यांनी विचारलं, "किती शिकली तू?"

"नववी."

"मंग दहावी काहून नाई?"

"लग्न झालं ना सिस्टर."

"लग्न झालं ते झालं. दहावी काहून नाई?"

आई कणीक मळत राहिली. त्या प्रश्नाला उत्तर असतं असंच तिला कोणी कधी सांगितलं नव्हतं. बालवाडीच्या ट्रेनिंगला दहावी पास लागते, तेवढं कर, पुढचं मी पाहते, असं म्हणून सिस्टरनी तिला बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावला.

बाकीचे सगळे विषय आईनं दातओठ खाऊन पाठ केले. गणित पाठ होत नाही, तिथं गाडी अडली. सिस्टर रोज संध्याकाळी, पोरी अभ्यासाला बसल्या की, स्वयंपाकघरात यायच्या. आमचा ओटा काळ्या कडप्प्याचा होता. खाला तो पुसून द्यायची आणि सिस्टर त्याच्यावर खडूनं गणित मांडायच्या. एकीकडे डाळ रटरटतेय, दुसरीकडे समीकरण. उत्तर बरोबर आलं पण मधल्या पायऱ्या खाल्ल्या असल्या की सिस्टर ओल्या फडक्यानं सगळं पुसायच्या. "कसं आलं थे मले दिसलं पायजे. आभाळातून पडलं का?" आई चिडायची. "आलं ना बरोबर! मंग?" सिस्टर फडकं पिळून पुन्हा खडू तिच्या हातात द्यायच्या. मी तेव्हा सातवीत. मध्येच तोंड खुपसून उत्तर सांगायचे आणि दोघींच्याही शिव्या खायचे.

मार्चमध्ये आईनं परीक्षा दिली. निकाल लागायच्या आधीच, ऐन उन्हाळ्यात, सिस्टरांच्या बदलीचा हुकूम आला. अकोला.

त्यांच्यातली रीत अशी की वरून कळलं की निघायचं. कुठे, काहून, कधीपर्यंत, काही विचारायचं नाही. एक सुटकेस भरायची, बाकी सगळं जिथल्या तिथं ठेवायचं. निरोपसमारंभ नाही, रडारड नाही. आम्हाला हे ठाऊक नव्हतं. आई तर भडकलीच.

"सांगा ना त्याईले! निकाल लागेलोक नाई जात म्हना!"

"आमी नाई म्हनत नाई," सिस्टर म्हणाल्या.

"नाई म्हनत नाई? आनि मी नापास झाली म्हंजे?"

"मंग परत बसशील."

"कोन शिकवीन मले? हे खाला?"

खाला डाळ घोटत होती. ती म्हणाली, "मैं सिखाती ना. तीसरी फेल मैं भी हूँ." आईला हसू आलं आणि त्याच दमात रडू. ती तरातरा मागच्या अंगणात निघून गेली. नंतर मला म्हणाली, "हा तं सासुरवासच झाला. सांगतलं का निघाच. बिचारीले विचारलं बी नाई कोनी." तिच्या डोक्यात एकदा हे बसलं, की सिस्टर म्हणजे सासरी निघालेली लेक, मग लेकीला रित्या हातानं कसं पाठवायचं?

पण आता पेच पडला. ओटी भरतात सवाष्णीची. सिस्टर सवाष्ण का? आई आणि खालाचा यावर कांदे चिरता चिरता बराच खल झाला. खाला म्हणाली, "अंगूठी तो है हाथ में. इनका मालिक ऊपर है, बोलते ना." हे आईला एकदम पटलं. ज्याला मरण नाही असा नवरा असलेली बाई म्हणजे तर जन्माची सवाष्ण. दुसरा पेच मोठा होता. ओटी भरणारीही सवाष्ण लागते. आई नाही. खालाचं तर गणितच वेगळं. आणि मी पोट्टी. आई चिरलेला कांदा परातीत लोटत म्हणाली, "मीच भरतो. इथं कोन पाहून राहिलं?"

सिस्टर निघायच्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात आल्या, तेव्हा आईनं पाट मांडला होता. तांदूळ, नारळ, हिरवा खण. कुंकू मात्र तिनं आणलं नव्हतं, तेवढी हिंमत तिला झाली नाही. सिस्टर पाटावर बसल्या खऱ्या, पण झग्याला पदर कुठून आणायचा? खालानं खुंटीवरचा ॲप्रन काढून त्यांच्या कमरेला बांधला. सिस्टरनी तो दोन्ही हातांनी पसरला आणि विचारलं, "हे काय करतेत?"

लेक सासरी निघाली की करतात, असं सांगायचं होतं. पण एका सिस्टरला सासरचं कसं सांगायचं? आईची जीभ ऐनवेळी वळली. ती म्हणाली, "बाई नव्या कामाले निघाली का भरतेत."

"असं का," सिस्टर म्हणाल्या. त्यांना फार आवडलं ते.

मग आईनं त्यांना सांगितलं की ओटीतले चार दाणे माघारी टाकायचे, म्हणजे माघारी येणं होतं. सिस्टरनी चार दाणे मोजून आईच्या हातावर ठेवले, सुटकेस उचलली आणि गेल्या. रडायचं नाही असं आधीच सांगितलं होतं, म्हणून त्या फाटकाबाहेर पडेपर्यंत आम्ही तिघी थांबलो.

जूनमध्ये निकाल लागला. सगळे विषय निघाले आणि गणित राहिलं. त्यात मोर्शीहून काका आला. काका वाईट माणूस नव्हता, पण गावात लोक बोलत होते आणि त्याला ते ऐकून घ्यावं लागत होतं. तो म्हणाला, "वहिनी, ऑक्टोबरमंदी बसा एकदा. झाल्या पास तं रहा. नाई झाल्या तं पोरीले घेऊन घरी या. शिकून शिकून शेवटी दुसऱ्याच्या घरच्या पोयाच लाटून राहिल्या ना? त्या घरी बी लाटता येतेत." तो हे चढ्या आवाजात बोलला असता तर आईनं भांडून घेतलं असतं. पण तो अगदी शांतपणे बोलला आणि त्यात खोटं काही नव्हतं. घरी म्हणजे तीच चुलीपाशची जागा. आणि माझी शाळाही सुटणार, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मी रात्रभर उशीत तोंड खुपसून रडले आणि सकाळी आईला म्हणाले, "चाल अकोल्याले."

सिस्टरनी अकोल्यात त्यांच्या वरच्या सिस्टरांकडून आईला शिकवायची परवानगी काढली. रविवारी दुपारी, प्रार्थना आणि जेवण झालं की. खाला म्हणाली, "तू जा ना बावा. मेरे को क्या रोटी नई आती? जली हुई आती, पर आती." मग दर रविवारी आम्ही मायलेकी एसटीनं निघायचो. बडनेरा गेलं की आई पुटपुटायला लागायची, मूर्तिजापूरला स्टँडवर चहा घेताना थांबायची, पुन्हा सुरू. एकदा एका म्हातारबुवानं मला हळूच विचारलं, "पोरी, तुझ्या मायले कोनता मंत्र देल्ला बुवानं?" मी म्हटलं, "अ वर्ग अधिक दोन अ ब." तो पुढच्या सीटवर जाऊन बसला.

अकोल्याच्या त्या पाहुण्यांच्या खोलीत पंखा फिरायचा तो गरम हवाच फिरवायचा. सिस्टरनी खडू ठेवायला एक पिशवी शिवली होती, आईनं दिलेल्या हिरव्या खणाची. त्यांना आलेली भेटवस्तू त्या स्वतःसाठी ठेवत नाहीत, म्हणून त्यांनी वरच्या सिस्टरांना विचारलं होतं की खडूंसाठी ठेवू का. आईनं ती पिशवी पाहिली आणि त्या दिवशी तिची दोन गणितं पायऱ्यांसकट बरोबर आली.

एक गोष्ट आईला अजिबात सहन व्हायची नाही. त्यांच्या प्रार्थनेची घंटा वाजली की सिस्टर जिथल्या तिथं खडू ठेवून उठायच्या. बरोबरचं चिन्ह लिहिलंय, पुढचा आकडा लिहायचाय, तरी. एक आकडा लिहून जायला काय हरकत होती? "देव काय एक आकडा थांबला नसता का?" आई परतीच्या एसटीत धुसफुसायची. पण ते अर्धवट गणित तिच्या डोक्यात किडा होऊन फिरत राहायचं. आठवडाभर पोळ्या लाटता लाटता, भांडी घासता घासता. गुरुवार-शुक्रवारी अचानक ती ओरडायची, "आलं! खाला, आलं!" खाला विचारायची, "कौन आया?" आज मी शिक्षिका आहे म्हणून सांगते, त्या घंटेनं आईला जितकं गणित शिकवलं तितकं कोणीच शिकवलं नाही. मीही आता वर्गात कधी कधी तास संपायच्या बेतात मुद्दाम अर्ध्यावर सोडते. पोरं शिव्या देत असणार. देऊ देत.

ऑक्टोबरात पेपरच्या दिवशी आम्ही परीक्षा केंद्रावर गेलो. काका बाजारात आंबिया बहाराची संत्री घेऊन आला होता, तोही तिथं आला. कडुनिंबाखाली उभा होता. आई ओठांतल्या ओठांत सूत्रं पुटपुटत होती. घंटेला थोडाच वेळ राहिला असताना ऑटोतून सिस्टर उतरल्या. पहाटेच्या पॅसेंजरनं बडनेऱ्याला उतरून आल्या होत्या. हातात पिशवी. आल्या तशा म्हणाल्या, "पदर पसर."

आईला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "काय?"

"पदर पसर म्हनलं ना! टाइम नाई."

पिशवीतून तांदूळ निघाले. नारळ निघाला. केरळच्या बाईला नारळ कसा निवडावा हे कोण शिकवणार, त्यांनी कानाशी हलवून पाहिला आणि मान डोलावली. आई दोन पावलं मागं सरकली. आजूबाजूला बाया होत्या, परीक्षेला आलेल्या, त्यांना सोडायला आलेल्या. काका पाहत होता. आई अगदी बारीक आवाजात म्हणाली, "सिस्टर, मले... मले नाई चालत."

"काहून नाई चालत?"

आईनं पदर छातीशी घट्ट धरला. भर रस्त्यात, स्वतःच्या तोंडानं, कसं सांगायचं?

"तू माई भरली होती ना मी नव्या कामाले निघाली तं?" सिस्टर म्हणाल्या. "मले चालते आनि तुले काहून नाई चालत? आता तू निघाली ना नव्या कामाले? पसर."

मी आईकडे पाहिलं. मला वाटलं आता ही सांगते. काकानं पण तोंड उघडलं होतं. तेवढ्यात सिस्टरनी नारळ त्याच्या हातात दिला, "हा धरा जरा," आणि ओंजळभर तांदूळ घेतले. काका नारळ धरून तसाच उभा राहिला. आणि माझ्या आईनं पदर पसरला. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा.

ओटी भरून झाल्यावर सवयीनं आईनं चार दाणे उचलून सिस्टरांच्या हातावर ठेवायला हात पुढे केला. सिस्टर केवढ्या तरी जोरानं ओरडल्या, "नाई, नाई! माघारी नाई! या परीक्षेले माघारी येनं नाई पायजे!" आजूबाजूच्या बाया हसल्या. आईसुद्धा हसली, डोळे पुसत. घंटा वाजली आणि ती आत पळाली.

आत मोठी गंमत झाली. कॉपी तपासायला आलेल्या मॅडमना आईचा खोचलेला पदर फुगलेला दिसला. "पदरात काय आहे? काढा." आईनं काढलं. तांदूळ. मॅडमनी चष्मा वर करून विचारलं, "तांदळावर लिहून आणलंय का काही?" आई म्हणाली, "नाई मॅडम. ओटी भरली माई." मॅडमनी तिच्या मोकळ्या गळ्याकडे पाहिलं, कपाळाकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातानं ते तांदूळ बेंचच्या कोपऱ्यावर नीट गोळा करून ठेवले आणि पुढं गेल्या. आई सांगते की त्यानंतर तिला भीती म्हणून वाटलीच नाही.

पेपर सुटला तेव्हा काका तिथंच, कडुनिंबाखाली, नारळ हातात. खाली ठेवा असं त्याला कोणी सांगितलं नव्हतं ना. सिस्टर परतीच्या गाडीला गेल्या होत्या. काकानं आईच्या हातात नारळ दिला आणि एवढंच विचारलं, "कसा गेला?" आई म्हणाली, "पायऱ्या लिहून आली सगळ्या." दिवाळीनंतर निकाल लागला आणि आई पास झाली. काठावर झाली, पण झाली. काका संत्र्याचं अख्खं कॅरेट घेऊन बोर्डिंगवर आला आणि खालानं त्याला डाळ खाऊ घातली, जी त्या दिवशी नेमकी करपली होती.

पुढे आईनं ट्रेनिंग केलं, आणि त्याच बालवाडीत ती बाई झाली. आज तिच्या हाताखालून गेलेली पोरं स्वतःची पोरं घेऊन येतात. तिथल्या सिस्टरांनी मला शिकवलं, वाढवलं, कितीदा थोबाडलंही असेल, हे ऋण काही फिटायचं नाही आणि मला ते फेडायचंही नाही. राहू दे अंगावर. पण अकोल्याच्या आमच्या सिस्टरांना ओटीचं ते खरं कोणी सांगितलं नाही. आईला भीती वाटायची की त्यांना कळलं तर वाईट वाटेल.

गेल्या महिन्यात निरोप आला की सिस्टर अकोला सोडताहेत. आता त्या थकल्या आहेत, दक्षिणेत म्हाताऱ्या सिस्टरांसाठी घर आहे, तिथं चालल्या. आम्ही दोघी गेलो. आईनं पिशवीत तांदूळ, नारळ, खण घेतला होता. दारात एका तरुण सिस्टरनं ती पिशवी पाहिली आणि म्हणाली, "अरे वा, ओटी! आमच्याकडे सिस्टर दरवर्षी भरतात."

"कोनाची?" आईनं विचारलं.

"दहावीच्या सगळ्या मुलींची. बोर्डाच्या परीक्षेआधी. तांदूळ आणि मृग बहाराचं संत्रं. आणि त्यांच्या आयांची पण."

"आयांची बी?"

"सिस्टर म्हणतात, आईसुद्धा परीक्षेलाच बसलेली असते."

आई मटकन बाकावर बसली. मला कळलं ती कशानं बसली ते. इतक्या वर्षांच्या इतक्या आया. त्यांत नवरा गेलेल्या किती असतील, टाकलेल्या किती असतील.

सिस्टर काठी टेकत आल्या. तोंडभर हसल्या, माझ्या लेकराचं विचारलं, मी अजून पायऱ्या खाते का विचारलं. मग आई म्हणाली, "सिस्टर, मी तुमाले खोटं सांगतलं होतं." आणि तिनं सगळं सांगितलं. ओटी सवाष्णीची भरतात. विधवेची भरत नाहीत, विधवेनं भरायची नसते. नव्या कामाचं वगैरे काही नसतं, ते तिच्या तोंडाला आलं म्हणून ती बोलली.

सिस्टरांचा चेहरा उतरला. काठी भिंतीला टेकवून त्या बाकावर आईशेजारी बसल्या. मग म्हणाल्या, "मंग तुले त्या दिवशी केवढं वाईट वाटलं असंन. आनि त्या बाया... माय गॉड. मी सगळ्यांची भरली. मले कोनी सांगतलं काहून नाई?"

"एकीनं तरी पदर मांगं घेतला का?" आईनं विचारलं.

"नाई."

"एक तरी उठून गेली का?"

"नाई. एकदोघी रडत. दरवर्षी कोनी ना कोनी रडे." सिस्टर आठवून म्हणाल्या. "मले वाटे, पोरीच्या परीक्षेचं भेव वाटून राहिलं."

आईनं त्यांचा हात हातात घेतला. "सिस्टर, इतक्या वर्षांत एकीनंही तुमाले सांगतलं नाई," ती म्हणाली. "मी बी नाई सांगतलं. काहून सांगू? तुमी थांबल्या असत्या ना."

सिस्टरांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. रडायचं नाही ही त्यांची रीत त्यांनी त्या दिवशी आमच्यासमोर मोडली. मीही मोडली. मग आईनं त्या तरुण सिस्टरला स्वयंपाकघरातून ॲप्रन आणायला पाठवलं आणि ओटी भरली, या वेळी कुंकू लावून, म्हाताऱ्या कपाळावर चांगलं ठसठशीत.

"चार दाने माघारी टाका," आई म्हणाली.

"आता माघारी येनं नाई गं," सिस्टर म्हणाल्या. "तिथून बदली होत नाई."

"टाका म्हनलं ना!" आई त्यांच्यावर एवढ्या मोठ्यानं ओरडली की व्हरांड्यातल्या पोरी वळून पाहायला लागल्या. सिस्टरनी मोजले नाहीत. मूठभर घेतले आणि आईच्या पदरात टाकले. आईनं पदराला गाठ मारली आणि अमरावती येईपर्यंत ती गाठ धरून बसली.

मला वाटलं ते तांदूळ ती देवापाशी ठेवेल. या सोमवारी मी बालवाडीत गेले होते. एका पोराची आई त्याला सोडायला आली होती. नवरा जाऊन वर्ष व्हायचं होतं, आणि त्या दिवशी ती दवाखान्यातल्या कामावर पहिल्यांदा रुजू होणार होती. घाबरलेली होती, पोराला सोडून लगेच निघाली होती. आईनं तिला हाक मारली, कपाटातून त्या तांदळाची डबी काढली आणि म्हणाली, "पदर पसर."

ती बाई मागं सरकली. "मॅडम, मले... मले नाई चालत."

"काहून नाई चालत?" आई खेकसली. "बाई नव्या कामाले निघाली का भरतेत. अकोल्यात इचार कोनालेही."